स्टोव्ह भडकलाच नव्हता

"बेन, स्टवमां पॉलिएस्टर क्यांथी आव्युं?"

बाई, स्टोव्हमध्ये पॉलिएस्टर कुठून आलं, असं डॉक्टरबाई मला विचारत होत्या. त्यांच्या टेबलावर दोन वस्तू होत्या, माझ्या मुलीचा केसपेपर आणि एक काडेपेटी. काडेपेटी त्याच सकाळी वॉर्डातल्या आयाबाईंना मुलीच्या गादीखाली सापडली होती. केसपेपरवर पहिल्याच ओळीत 'स्टोव्हचा भडका' असं लिहिलं होतं. ती ओळ माझी होती.

मनीषाला दाखल करून सोळा दिवस झाले होते. ती अकरा वर्षांची होती.

डॉक्टरबाईंनी एका कोऱ्या कागदावर मुलीची आकृती काढली. स्टोव्ह भडकला तर तोंड, मान, छाती, पोट भाजतं, असं म्हणून त्यांनी तेवढा भाग पेन्सिलीने काळा केला. मग शेजारी दुसरी आकृती काढली. तिचं तोंड कोरं ठेवलं, छाती कोरी ठेवली. उजवा पंजा, कोपरापर्यंतचा हात, दोन्ही गुडघे आणि नडग्या काळ्या केल्या. "ही तुमची मुलगी. उकिडवं बसून समोर जमिनीवर काही पेटवलं की असं भाजतं. बोटांच्या बेचक्यांतून मी वितळलेल्या धाग्याचे गोळे काढलेत. आणि आता ही काडेपेटी."

"माझी आहे," मी म्हणाले. "विडीसाठी."

"तुम्ही विडी ओढता?"

मी उभ्या जन्मात विडी ओढलेली नाही.

मग त्या हिंदीत, अगदी सावकाश बोलल्या. "हाताला झालंय ते बर्न्स. त्याचा इलाज मी करते आहे. पण त्याच्या आधीचं एक दुखणं आहे, आणि ते तुम्ही माझ्यापासून लपवलंत. आम्ही त्याला फायर-सेटिंग म्हणतो." फायर-सेटिंग म्हणजे मूल पुन्हा पुन्हा, जाणूनबुजून, लपून आग लावतं. ते चुलीपाशी चुकून होणारं भाजणं नव्हे आणि एकदाची खोडीही नव्हे. पुढे त्या म्हणाल्या, "मुलगा असता तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, काय पेटवत होतास? मुलगी भाजली की सगळे स्टोव्ह लिहितात. मीही लिहिला."

मी पिशवीतून वही काढली आणि फायर-सेटिंग हा शब्द लिहून घेतला. काही सुचेनासं झालं की मी लिहून घेते.

ज्यांच्या घरात काड्या वेळेआधी संपतात, उशीच्या अभ्र्याला भोक दिसतं आणि कुणी विचारलं तर आपण शेजारणीवरच उलटतो, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. सुरतेत भेस्तानला चाळीत एक खोली. मनीचे वडील यंत्रमागावर, बारा तासांची पाळी. मी एका युनिटमध्ये कापड तपासते. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट असते, त्यावरून कापड ओढायचं आणि तार तुटलेली, डाग, भोक, जे दिसेल त्यावर खडूची खूण करायची. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे असेल, मला नोंदीची सवय आहे. रेशन, दूध, औषधं, शाळेच्या सुट्ट्या, सगळं वहीत.

आमच्या चाळीत अंघोळीचं पाणी बंबावर तापायचं. रॉकेल पुरत नसे, लाकूड मिळत नसे. कारखान्यातून मात्र चिंध्यांची आणि तुटक्या धाग्यांची पोती मिळायची. बंबात तेच जाळायचं. काळा धूर व्हायचा, वासाने डोकं चढायचं, पण पाणी तापायचं. दोघं कामावर असलेल्या घरांत बंब पेटवायचं काम पोरांचं असे.

मनी सहा वर्षांची असल्यापासून बंब पेटवायची. आणि एका काडीत पेटवायची. आमच्यात हा कौतुकाचा विषय होता. ज्या पोराला दोन काड्या लागल्या त्याला हसायचे. गावाहून पाहुणे आले की मीच म्हणायचे, "मनी, दाखव गं." ती उकिडवी बसायची, धाग्याचा बोळा करायची, वाऱ्याकडे पाठ करून काडी ओढायची. भडका झाला की सगळे वाहवा करायचे. चाळीत तिला 'एककाडी' म्हणत. मला ते नाव आवडायचं.

पहिली लक्षणं मी पाहिली नाहीत असं नाही. मी ती पाहिली आणि वेगळ्या नावाखाली लिहिली.

आमच्याकडे एक काडेपेटी किती दिवस जाते ते मला माहीत होतं, कारण वहीत होतं. ती निम्म्यात संपायला लागली. मी लिहिलं, 'यांची विडी वाढली.' उशीच्या अभ्र्याला पावलीएवढं भोक दिसलं. सुती कापड जळलं की कडेला राख होते, पॉलिएस्टर जळलं की कड टणक होते, मण्यासारखी बोटाला लागते. हे मला युनिटमध्ये कुणीही झोपेतून उठवून विचारावं. त्या भोकाची कड मी बोटाने चाचपली, आणि वहीत लिहिलं, 'उंदीर. सापळा आणणे.' प्रगतीपुस्तक शाळेत हरवलं असं मनी म्हणाली. मोरीच्या कोपऱ्यात काळा डाग होता. मी तो घासून काढला.

मग शेजारच्या कमलवहिनी आल्या. त्या आमच्याच भागातल्या, घरात अहिराणीच बोलायच्या. "मनीनी माय, तुन्ही पोर संडासना मांगे आग लाई रायनी."

"तू तुन्हा पोरेस्कडे देख आधी," मी म्हणाले.

"देखस ना. मन्हा पोऱ्या चोर शे, ते माले ठाऊक शे. तुले तुन्ही पोर ठाऊक शे का?"

त्यावर मी दार लावून घेतलं. आणि मनीला समोर उभं करून, उलथनं तापवून तिच्या उजव्या मनगटाला चटका दिला. आगीची भीती बसावी म्हणून. आमच्या लहानपणी आम्हालाही असेच चटके दिले होते आणि आम्ही सुधारलो, असं मी समजत होते. मनी रडली नाही. तिने मनगटाकडे बघितलं, मग उलथन्याकडे. त्यानंतर ती आग लावायची थांबली नाही, फक्त मला दिसेल अशा जागी लावायची थांबली.

पाचवीनंतर आम्ही तिची शाळा बंद केली. घरी धागा कटिंगचं काम आणलं. साडीवर नक्षी विणली की मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात, ते कात्रीने कापायचे असतात. सुरतेत घरोघरी बायका-पोरी हे काम करतात. दिवसभर ती साड्यांच्या गठ्ठ्यात आणि कापलेल्या धाग्यांच्या ढिगात बसलेली असे. एकटी. आणि काडेपेटी बंबाच्या शेजारी, तिच्या हाताशी.

ज्या दिवशी ती भाजली त्या दिवशी कात्री घसरून एका साडीच्या पदराला वीतभर चीर गेली. शेठ काम काढून घेईल, आई मारील, म्हणून तिने ठरवलं की साडीच नको. मोरीत नेऊन तिने ती पेटवली. एका काडीत. पण बंबातला बोळा वेगळा आणि सहा वार साडी वेगळी. ती साडी भसकन पेटली, थेंब थेंब वितळून उडायला लागली. उरलेल्या गठ्ठ्याकडे जाळ जायला लागला तेव्हा तिने उजव्या हाताने साडी ओढली. वितळलेलं कापड हाताला चिकटलं ते सुटलं नाही.

दार कमलवहिनींनी लाथ मारून उघडलं. त्यांनीच गोधडी टाकली. माणूस पाठवून मला युनिटमधून बोलावलं.

मी काय केलं तेही सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. मी हाताला चिकटलेलं कापड ओढून काढलं. त्याबरोबर कातडी आली. उरलेल्या जागी टूथपेस्ट लावली. कुणीतरी बटाटा किसून आणला, तोही लावला. वाहत्या थंड पाण्याखाली हात बराच वेळ धरायचा, चिकटलेलं काही ओढायचं नाही, स्वच्छ चादर गुंडाळून थेट दवाखाना गाठायचा, एवढंच करायचं असतं. नळ चार पावलांवर होता आणि त्या दिवशी त्याला पाणीही होतं.

रिक्षात मनी माझ्या मांडीवर होती. मी तिच्या कानाशी म्हणाले, "स्टोव्ह सांगायचं. स्टोव्ह भडकला म्हणायचं." पोलीस येतील, शेठची साडी जाळली म्हणतील, आईनेच पोरीला जाळलं म्हणतील, असं सगळं माझ्या डोक्यात होतं. मुलगी भाजल्यावर लोक काय काय बोलतात ते मी ऐकलेलं होतं. स्टोव्ह म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही.

अपघात विभागात डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत मनी म्हणाली, "स्टोव्ह भडकला." माझेच शब्द, माझ्याच आवाजात.

डॉक्टर म्हणाले, अठरा टक्के. रोग्याचा स्वतःचा पंजा म्हणजे साधारण एक टक्का, असा भाजण्याचा हिशेब करतात. अठरा पंजे मावतील एवढं अंग भाजलं होतं. काही जागी सेकंड डिग्री, म्हणजे वरची कातडी जाऊन खालची कच्ची उघडी पडलेली. ती फार दुखते. बोटांना थर्ड डिग्री, म्हणजे पूर्ण जाडीची कातडी गेलेली. ती दुखत नाही, कारण दुखणं पोचवणाऱ्या नसाच जळलेल्या असतात. बोटं दुखत नाहीत म्हणून मी बरं मानलं. तेच सगळ्यात वाईट होतं.

पहिले दोन दिवस सलाईन आणि लघवीचं माप. किती पाणी आत गेलं, किती बाहेर आलं, हे दर तासाला. माप लिहायचं काम मी नर्सबाईंकडून मागून घेतलं. मला ते जमत होतं. तिसऱ्या दिवशी धोका थोडा टळला असं म्हणाले.

चौथ्या दिवसापासून ड्रेसिंग. एक दिवसाआड. ड्रेसिंगची खोली वॉर्डाच्या टोकाला होती आणि आम्हाला आत सोडत नसत. डीब्राइडमेंट, म्हणजे मेलेली कातडी चिमट्याने आणि कात्रीने काढून टाकणं. ती काढल्याशिवाय खालचं मांस लाल, जिवंत होत नाही आणि जंतू शिरतात. बाहेर बाकावर आम्ही आयाच असायचो. आतून एकेकाचं लेकरू ओरडायचं आणि तेवढी एक आई बाकावर हलायची, बाकीच्या जमिनीकडे बघायच्या. नंदुरबारकडची एक बाई होती, तिच्या दोन वर्षांच्या पोरावर वरणाचं पातेलं उलटलं होतं. ती दातांत पदर धरून बसायची. सातव्या दिवशी तिचं पोर गेलं. आठव्या दिवशी तिच्या जागी दुसरी आई होती.

वॉर्डात आठ मुलं होती. कोपऱ्यात ऑक्सिजनचं नळकांडं. सगळीकडे कापूस, जाळीच्या पट्ट्या, मच्छरदाण्या.

अकराव्या दिवशी चादर बदलताना मला मनीच्या गादीखाली काडेपेटी सापडली. बाहेरच्या व्हरांड्यात रोग्यांचे नातेवाईक विड्या ओढत, तिथून तिने डाव्या हाताने उचलली असणार. मी ती पिशवीत टाकली. कुणाला बोलले नाही. त्या दिवशीची माझी नोंद अशी आहे: 'दूध. दोन अंडी, दीड खाल्लं. ताप १०१. चादर बदलली.' काडेपेटीची नोंद नाही. त्या वॉर्डात माझी सोडून सात लेकरं होती, त्यांच्या आयांबरोबर मी डबा वाटून खात होते, आणि मी गप्प बसले.

सोळाव्या दिवशी आयाबाईंना दुसरी सापडली. त्या सुरतीच होत्या, तोंडाच्या फटकळ. सगळ्या वॉर्डासमोर त्यांनी ती हात वर करून दाखवली. "जो, आ तारी छोकरी तो अहीं दिवाळी करवानी हती!" कुणी हसलं नाही. वरणाने भाजलेल्या पोराच्या जागी आलेली ती नवी आई उठली आणि तिने आपल्या लेकराची खाट भिंतीकडे ओढून घेतली. खाटेच्या पायांचा फरशीवर झालेला तो आवाज मला अजून ऐकू येतो.

त्यानंतरचं डॉक्टरबाईंच्या टेबलापाशीचं मी सुरुवातीला सांगितलं.

त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. दोन दिवसांनी ग्राफ्टिंग आहे, म्हणजे मांडीची पातळ कातडी काढून बोटांवर आणि मनगटावर बसवायची. त्याआधी मानसिक आजारांचे डॉक्टर मनीला बघतील. तोवर ती एकटी राहणार नाही, वॉर्डात कुणाजवळही काडी राहणार नाही. "आणि तिला मारायचं नाही. ओरडायचंही नाही. आत्ता तिला भीती कमी करायची आहे, वाढवायची नाही."

मनीचे वडील पाळी सोडून आले. जिन्यातच त्यांचा आवाज चढला. "मन्ही आंडेर येडी नही शे. हात भाजेल शे, हातना इलाज करा." आपली मुलगी वेडी नाही, हाताचा इलाज करा. मी त्यांना वॉर्डाच्या दारात नेलं आणि त्या खाट ओढणाऱ्या आईकडे बोट केलं. तिने खाट का ओढली ते मी सांगितल्यावर ते म्हणाले, "बोलाव तुन्हा डॉक्टरले."

मानसोपचाराचे डॉक्टर वयस्क होते, बडोद्याकडचे, जुन्या वळणाचं मराठी बोलणारे. त्यांनी मनीला आग का लावलीस असं विचारलंच नाही. म्हणाले, "काय बेटा, काडी कुणासाठी आणली होतीस?"

मनी पहिल्यांदा स्टोव्ह सोडून काही बोलली. "पट्ट्यांसाठी."

"पट्ट्यांचं काय करणार होतीस?"

"जाळणार. पट्ट्या जळाल्या की ड्रेसिंग करणार नाहीत."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "म्हणजे ज्याची भीती वाटते ते जाळून टाकायचं?" मनीने मान डोलावली, जणू हे सगळ्यांनाच माहीत असतं.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "तुम्ही याद्या करता असं ऐकलं. मला एक करून द्या. आजवर तिने काय काय पेटवलं ते एका बाजूला. त्याच्या आधल्या एक-दोन दिवसांत घरात काय झालं ते दुसऱ्या बाजूला. आठवेल तेवढं. खरं लिहा."

ती यादी करायला मला तीन दिवस लागले. ग्राफ्टिंग चाललं होतं तेव्हाही मी बाहेर तीच लिहीत होते. जुन्या वह्या घरून मागवल्या. अभ्रा जळला त्याच्या आदल्या दिवशी मनीने अंथरूण ओलं केलं होतं आणि मी चारचौघांत बोलले होते. प्रगतीपुस्तक गायब झालं त्या आठवड्यात ती गणितात नापास झाली होती. संडासामागची आग लागली त्याच्या आदल्या दिवशी शाळेतून नाव काढायचं ठरलं होतं, आणि तिथे तिने दप्तर जाळलं होतं. मनीने सांगेपर्यंत मी दप्तर गावी भाचीला गेलं असं समजत होते. एकेक ओळ भरत गेली तसं मला दिसायला लागलं. युनिटमध्ये मी रोज कापड उजेडावर धरून बारीकसारीक खोट शोधते, तसं मी माझ्या घराचं कापड उजेडावर कधी धरलंच नव्हतं.

डॉक्टरांनी यादी वाचली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग म्हणाले, "पहिली ओळ राहिली. या घरात सगळ्यात आधी, भीतीपोटी, कुणी काय जाळलं?"

मला कळेना. मग कळलं.

सुरतेत प्लेग पसरला त्या वर्षी आम्ही सगळ्यांबरोबर गावी पळालो होतो. परत आलो तेव्हा चाळीत जो तो आपापली अंथरुणं जाळत होता. उंदीर फिरले असतील, पिसवा असतील. मीही चौकात ढीग केला. गोधड्या, गाद्या, जुने कपडे. मनी तेव्हा आठ वर्षांची होती. तिची आजीने शिवलेली चिंध्यांची बाहुली त्या ढिगात होती. मनी माझा हात धरून ओढत होती आणि मी म्हणत होते, "बाई, जाळलं की भीती जाते." आणि ढीग पेटत नव्हता, तेव्हा मीच तिला हाक मारली. तुझ्या हाताला गुण आहे, तू लाव. तिने एका काडीत पेटवलं.

मी यादीच्या वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'प्लेग. अंथरूण, बाहुली. मी.'

त्याच दिवशी मी डॉक्टरबाईंना म्हणाले, केसपेपरवरची ओळ खोडा. पहिल्या दिवशी पोलिसांना दिलेला जबाबही बदलायचा आहे. हवालदार आले, पुन्हा लिहायचं म्हणून वैतागले. "पहेलां स्टव, हवे साडी. काले शुं, विमान?" उद्या काय, विमान म्हणशील का, असं म्हणत का होईना, त्यांनी लिहून घेतलं. मी जेलमध्ये गेले नाही. शेठने काम काढून घेतलं, तेवढंच. ज्या भीतीपायी मी इतके दिवस खोटं धरून बसले होते, ती एवढीशी निघाली. मनीने सगळं ऐकलं. मी मुद्दाम तिच्या खाटेपाशीच बोलले होते.

एकेचाळिसाव्या दिवशी सुटी मिळाली. ग्राफ्ट धरला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलेलंच राहिलं. याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात, भरताना कातडी आखडते आणि सांधा सोबत ओढून नेते. रात्री बोटं सरळ ठेवायला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी. दिवसा व्यायाम. पुन्हा एक ऑपरेशन झालं. फरक थोडाच पडला. पेन ती डाव्या हातात धरते.

मी दिलेल्या चटक्याची मनगटावरची खूण ग्राफ्टखाली गेली. आता ती कुणाला दिसत नाही. ड्रेसिंग सोडलं की माझी नजर आधी तिथे जायची.

घरी काय बदललं ते सांगते, कारण तुम्हाला तेच हवं असेल. काड्या कुलपात गेल्या. किल्ली माझ्याकडे, मी नसेन तेव्हा यांच्याकडे. बंब पेटवायचा तर मोठ्या माणसाने. चिंध्यांची पोती घरात येणं बंद, आम्ही गार पाण्याने अंघोळ करायला शिकलो. मनी पुन्हा पालिकेच्या मराठी शाळेत. कपड्याला आग लागली तर पळायचं नाही, जमिनीवर आडवं होऊन लोळायचं, हे मी तिला आणि चाळीतल्या पोरांना खेळासारखं शिकवलं. कमलवहिनींचा मुलगा सगळ्यात छान लोळतो, त्याच्या आईला वाटतं त्यालाच बक्षीस मिळायला हवं. आणि एक नियम असा की भीती वाटली तर आधी मला सांगायचं, सांगितल्यावर मार नाही. हा नियम पाळणं काड्या कुलपात ठेवण्यापेक्षा अवघड गेलं. मनीला नव्हे, मला.

कमलवहिनींच्या दारात जाऊन मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू दे. एककाडी म्हनानं बंद करा, मीबी म्हने." त्याही तिला त्या नावाने हाक मारत. ते त्यांनाही लागलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, हे एकदम सुटणार नाही. सुटलंही नाही. पहिल्या वर्षात दोनदा मोरीत कागद जळालेला मिळाला. दोन्ही वेळा मी यादीत ओळ घातली, आणि दोन्ही वेळा दुसरी बाजू भरताना मनी माझ्याजवळ बसलेली होती.

आता ती तेरा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात दुपारी ती युनिटवर आली. याआधी कधी आली नव्हती. माझ्या टेबलावर ग्रे, म्हणजे मागावरून आलेलं कोरं कापड पसरलेलं होतं, खालून उजेड येत होता. तिने वाकलेल्या बोटांत धरलेलं प्रगतीपुस्तक कापडावर ठेवलं. गणितात लाल रेघ, विज्ञानात लाल रेघ. मी वाचत होते तोवर तिने डावा हात फ्रॉकच्या खिशातून काढला आणि शेजारी एक नवी काडेपेटी ठेवली. कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीवरून घेतलेली.

"उघडली का?" मी विचारलं.

"नाही. बघ."

वरचा कागद फाटलेला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या बायका बघत होत्या. मी त्यांना म्हणाले, माझी मुलगी आली आहे, मी दहा मिनिटं बाहेर जाऊन येते.

पायरीवर बसून आम्ही दोघींनी प्रगतीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. त्या डॉक्टरबाईंचा मला त्या वेळी विचार आला. त्यांनी माझा स्टोव्ह मानला असता, तर ते पुस्तक वाचायला माझ्या हातात आलं नसतं. कदाचित मनीही आली नसती.

वहीत त्या दिवशीची ओळ मनीने स्वतः लिहिली, डाव्या हाताने, तिरकी. दुसरी बाजू आधी भरली, 'दोन विषयांत नापास.' मग पहिल्या बाजूला लिहिलं, 'काही नाही.'